तांबडा तांबडाच दिसला पाहिजे!

कोल्हापूरच्या सिनेमाचा पहिला धनी रंगांत बुडालेला माणूस होता, आणि पडद्यावर त्याच्या वाट्याला आलं काळं-पांढरं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा आणि बंधू आनंदरावांचा असा हातखंडा, की मेस्त्री मागं पडलं आणि लोकांनी 'पेंटर'च करून टाकलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच, कोल्हापुरात घडवला. परदेशी यंत्र परवडत नाही तर आपणच करू, हा हिशेब. आज इथल्या पोरांना सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून ती काय काय करतात ते आपण जाणतोच. त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही. पण हल्ली तशी वेळ यायचं कारण उरलेलं नाही. ते पुढं सांगतो.

एडिटिंग आणि कलर ग्रेडिंग या धंद्यातल्या काही गमती इथं गोळा केल्यात. काही जगाच्या, बऱ्याचशा घरच्या.

पहिली कात्री सरकारची

बाबूरावांचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. लोकमान्य टिळक खूश झाले आणि त्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पण त्यातला कीचकवध इतका खराखुरा उतरला होता, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. म्हणजे कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटातला सर्वांत गाजलेला कट एडिटरचा नव्हताच. तीन वर्षांनी 'सिंहगड' आला. त्यात बाबूरावांनी कृत्रिम दिवे लावून रात्र उभी केली. तिकीटबारीवर इतकी झुंबड उडाली, की सरकारचं लक्ष तिकडं गेलं आणि करमणूक कर आला, असं सांगतात.

आणखी एक. बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटनं करून ठेवायचे. आजची मंडळी त्याला स्टोरीबोर्ड म्हणून वेगळं बिल लावतात.

भारतातली पहिली एडिटर स्वयंपाकघरातून आली

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती धुणं, जोडणं या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके होत्या. घरात सगळ्या युनिटचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मची भोकं. भारतातली पहिली फिल्म एडिटर म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्याकडं रेंडर लागल्यावर चहा प्यायला जातात. त्या काळी चहा करणारीच एडिटर होती.

घराघरात जायचं होतं, स्टुडिओत अडकलं

इकडं कोल्हापुरात कॅमेऱ्याची खटपट चालू होती त्याच सुमारास, १९१७ मध्ये, अमेरिकेत इवान सेरुरिए नावाचा मूळचा डच माणूस घरात सिनेमा बघायचं यंत्र बनवत होता. नाव 'मूव्हिओला', किंमत ६०० डॉलर. एवढे पैसे घालून घरात सिनेमा कोण बघणार? खप झाला नाही. मग १९२४ मध्ये त्यानं त्यातलंच सामान उलटंपालटं करून एडिटरला फिल्म मागं-पुढं करून बघता येईल असं यंत्र केलं, आणि पुढची कित्येक दशकं हॉलिवूड त्यावर कापत राहिलं. आजच्या सॉफ्टवेअरमधला ब्लेडची छोटी चित्रखूण म्हणजे फिल्म कापायचं ते खरं पातं. 'बिन' म्हणजे कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या लटकवायचा तो कापडी टोपला. दोन्ही वस्तू आयुष्यात न बघितलेली मुलं दिवसातून शंभरदा त्यांवर क्लिक करतात.

रंगाची वारी जर्मनीला

हा आपला सर्वांत भारी किस्सा, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी. चौघं बाबूरावांच्या तालमीतले आणि पाचवे पैसे घालणारे. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलला. आता पुढचा डाव रंगाचा. पुन्हा 'सैरंध्री'च घेतलं, १९३३ मध्ये, या वेळी रंगीत आणि बोलणारं. वापरली ती आग्फाची बायपॅक पद्धत. कॅमेऱ्यात एकाच्या ऐवजी दोन फिल्म एकमेकींना चिकटून धावायच्या. पुढची निळी-हिरवी बाजू टिपायची आणि मागची लाल. दोन्हींवरून मग एकाच प्रिंटच्या दोन अंगांना दोन रंग चढवायचे.

हे चढवायचं काम जर्मनीत. शांताराम स्वतः तिकडं गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. उतरणार कसे? दोन रंगांत चेहरे आणि आभाळ कसंबसं निभावतं. पण कोवळा हिरवा, जांभळा, हळदीसारखा पिवळा आणायचा तर तिसरा रंग लागतो, आणि तो पद्धतीतच नव्हता. द्रौपदीचा शालू आणि विराटाचा दरबार हा विषय घेऊन दोन रंगांत जाणं म्हणजे धाडसच. त्यातच कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. तिकडं पहिला चित्रपट 'अमृतमंथन', १९३४ चा, मुकाट्यानं काळा-पांढरा.

आजच्या भाषेत बोलायचं तर कोल्हापूरनं आपली 'डीआय', म्हणजे चित्रपटाची रंगसफाई, पहिल्यांदा परदेशी करून घेतली, आणि क्लायंटला ग्रेड आवडली नाही. फरक इतकाच, की आज क्लायंट व्हॉट्सॲपवर 'थोडं अजून पॉप करा ना' एवढंच लिहितो. शांतारामांना बोटीनं जावं लागलं होतं.

लाखो डॉलरचं यंत्र, आता बिनपैशांचं

दा विंची नावाची कंपनी १९८४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात निघाली. रंग सुधारायची यंत्रं विकायची, आणि ग्राहक म्हणजे मोठमोठ्या लॅब. २००४ मध्ये तिचं 'रिझॉल्व्ह' आलं. सगळा सरंजाम घ्यायचा तर लाखो डॉलर मोजावे लागत. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिकनं कंपनीच विकत घेतली. २०१० मध्ये मॅकसाठी नुसतं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला आणलं आणि २०११ मध्ये चक्क फुकटची आवृत्ती सोडली. बाजारात पैसे घेऊन ग्रेडिंग शिकवणारे लोक तेव्हा थोडे हबकले असणार.

आज स्टुडिओ आवृत्ती साधारण ३०० डॉलरला एकदा घेतली की झालं, दर महिन्याचं भाडं नाही. ब्लॅकमॅजिकच्या बऱ्याच कॅमेऱ्यांबरोबर ती तशीच येते. आणि फुकट आवृत्ती? यूएचडीपर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काम होतं, ग्रेडिंगची मुख्य हत्यारं सगळी आहेत. नसतात त्या गोष्टी लक्षात ठेवायच्या. नॉइज रिडक्शन नाही, म्हणजे रात्रीच्या जत्रेतला दाणेदार व्हिडिओ साफ करायची सोय नाही. लिनक्सवर टाकलं तर एच.२६४ फाइल उघडत नाही, आणि आपल्यातल्या पुष्कळांचे मोबाईल, ड्रोन, हँडीकॅम त्यात शूट करतात. पैसे वाचवायला म्हणून लिनक्स टाकणाऱ्यानं हे आधी वाचावं.

तिसरी अडचण पैशाची नाही, ग्राफिक्स कार्डाची. रिझॉल्व्हला प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डाची मेमरी जास्त प्यारी. ती कमी असली की ऐन रात्री 'जीपीयूची मेमरी भरली' म्हणून पाटी झळकते. तेव्हा माणूस कार्ड बदलायच्या गोष्टी करतो. आधी टाइमलाइन १०८० वर आणून प्रॉक्सी करून बघावी. एक्सपोर्टच्या वेळी परत वर न्यायची. नव्वद टक्के वेळा काम भागतं. टक्क्याचा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या अभ्यासाचा नाही.

एकाच माणसानं दोन्ही पैलवान घडवले

प्रीमियर भारी की फायनल कट, यावर चहाच्या टपरीवर मैत्र्या तुटल्यात. गंमत अशी, की ॲडोबीचं प्रीमियर १९९१ मध्ये ज्यानं लिहिलं तो रँडी उबिलोस पुढं मॅक्रोमीडियात गेला. तिथं त्यानं जे सुरू केलं ते ॲपलनं घेतलं आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो म्हणून विकलं. दोन्ही तालमींचा वस्ताद एकच.

सॉफ्टवेअर कुणी विचारत नाही

'पॅरासाइट'नं २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मारलं. यांग जिन-मो यांनी तो फायनल कट प्रो ७ वर कापला. ॲपलनं ते २०११ मध्येच बंद केलेलं! स्कोर्सेसीच्या एडिटर थेल्मा स्कूनमेकर लाइटवर्क्सवर काम करतात, आणि ते आपल्याकडं वापरणारा शोधून सापडणार नाही. वॉल्टर मर्च यांनी ॲव्हिडवर 'द इंग्लिश पेशंट' कापून ऑस्कर घेतलं, डिजिटल एडिटिंगला मिळालेलं ते पहिलं. काही वर्षांनी त्यांनी 'कोल्ड माउंटन' फायनल कटवर केला आणि लोकांनी भुवया उंचावल्या. हा गृहस्थ उभ्यानं एडिटिंग करतो, हे जाता जाता.

आपल्याकडचं बघा. चित्रपट संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मानकरी गोव्याचा मराठी माणूस, वामन भोसले, जोडीदार गुरुदत्त शिराळी यांच्यासह, 'इन्कार'साठी. सगळं काम फिल्म हातानं कापून. आणि दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं 'द डिसायपल' स्वतःच कापला. २०२० मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं.

तरी नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: भावा, कुठलं टाकू? माझं उत्तर ठरलेलं. शेजारच्या दुकानातल्या ज्या माणसाला तू रात्री अकराला फोन करू शकतोस, तो जे वापरतो ते टाक. अडल्यावर तोच उपयोगी पडणार, सॉफ्टवेअरची कंपनी नाही.

लग्नसराईचा राजा एडियस

सिनेमावाले ॲव्हिड-रिझॉल्व्ह करत बसतात. लग्नाच्या धंद्यात खरा दबदबा एडियसचा. मूळ जपानी, कॅनोपस कंपनीचं. २००५ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि पुढं ते ग्रास व्हॅलीच्या नावानं आलं. हे इतकं का रुजलं? कारण तीन-चार कॅमेऱ्यांच्या वेगवेगळ्या फाइल एकाच टाइमलाइनवर टाकल्या तरी ते रेंडर न मागता चालतं, आणि मध्यम कॉम्प्युटरवरही चालतं. लग्नाच्या सीझनमध्ये पाठोपाठ तिथी असल्या की याला पर्याय नाही.

याच्या जोडीला 'प्रोजेक्ट'. म्हणजे तयार टेम्प्लेट, हार्ड डिस्क भरभरून विकत मिळणारं. उडत्या गुलाबपाकळ्या, दिलाच्या आकारात नवरा-नवरी, ढगांतून येणारी गणपतीची मूर्ती. हसू येतं, पण पन्हाळ्यावर ड्रोन उडवून केलेलं प्री-वेडिंग बघून नाकं मुरडणारी मंडळीसुद्धा घरच्या लग्नात आजीच्या फोटोभोवती पाकळ्या मागतात. 'मिक्सिंगला दिलंय, कॅसेट दिवाळीनंतर,' हे वाक्य आजही चालतं. कॅसेट कधीच संपली, आता पेनड्राइव्ह देतात. दिवाळीनंतर मात्र तसंच आहे.

रंगाच्या बाबतीत लग्नाचा एकच शत्रू: हळद. अंगभर पिवळं, मांडव पिवळा, झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतं, फार पिवळं झालं, थोडं निळं घालू. नवरी फिकट पडते आणि मामाचा पांढरा सदरा आकाशी होतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हाही हेच. उपाय सोपा आहे, ऑटो बंद करायचं. उन्हात ५६०० केल्विनला खिळा ठोकून ठेवायचा.

जोतिबाच्या गुलालापुढं कोडेक हरलं

वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि सगळा डोंगर गुलाबी होतो. डोळ्याला स्वर्ग, कॅमेऱ्याला परीक्षा. का ते बघण्यासारखं आहे.

आपले कॅमेरे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतेक वेळा लिहून ठेवतात. लिहायची ही रीत म्हणजे कोडेक. मुलाखत असली तर ओठ हलतात, भिंत तीच राहते, फाइल लहान. गुलाल उडाला की प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. सगळंच बदललेलं! ठरलेल्या बिटरेटमध्ये एवढं मावत नाही, मग चित्राचे चौकोन पडतात. सासनकाठीच्या टोकाची पताका चौकोनांत विरघळते.

दुसरी भानगड रंगाची. बहुतेक मोबाईल आणि साधे कॅमेरे ४:२:० मध्ये शूट करतात. त्यात उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलला वेगळी, पण रंगाची नोंद चार पिक्सेलांत एक. चार घरांना मिळून एक नळ. साध्या दृश्यात कळत नाही. पण गुलालानं माखलेल्या चेहऱ्याची कड आणि मागचं निळं आभाळ जिथं भेटतं तिथं पायऱ्या-पायऱ्या दिसतात. वर आठ बिट असेल तर प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या, आणि गुलाबी धुक्यात त्या पट्ट्यांसारख्या उमटतात. दहा बिटला १०२४ पायऱ्या मिळतात, ग्रेडिंगला ओढाताण केली तरी कपडा फाटत नाही.

तेव्हा जत्रेला जाताना कॅमेऱ्यातला सर्वांत मोठा बिटरेट लावा, जमलं तर दहा बिट. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर चढवा, गुलाल काचेवर बसू दे, लेन्समध्ये नको. आणि यूट्यूबवर टाकताना व्हिडिओ १०८० चा असला तरी ४के करून चढवा. मोठ्या आकाराच्या व्हिडिओला ते बरं कोडेक देतात. फुकटात मिळणारा एवढाच आशीर्वाद.

ताटातला कलर चार्ट

कोल्हापुरात फूड रील काढणाऱ्यांची संख्या आता खानावळींच्या बरोबरीला आली असावी. त्यांच्यासाठी तांबडा-पांढरा रस्सा हा खरा पेपर आहे. एकाच फ्रेममध्ये भडक लाल, जवळजवळ पांढरं, आणि दोन्हींना घेऊन बसलेलं चकाकणारं स्टीलचं ताट.

चूक नंबर एक: पांढऱ्या रश्श्यावर व्हाइट बॅलन्स मारणं. त्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ, मटणाचं पाणी. तो पांढरा नाही, सायीच्या रंगाचा आहे. सॉफ्टवेअरला 'हा पांढरा' म्हणून दाखवला की ते त्यातला पिवळेपणा काढून टाकतं आणि सगळं ताट निळसर होतं. सुक्कं मटण निळसर दिसलं तर कोण खाईल? राखाडी कार्ड ठेवा, नाहीतर साध्या कागदावर मारा.

चूक नंबर दोन: तांबडा अजून तांबडा करणं. स्कोप उघडा, परेड लावा. लाल पट्टी १०२३ ला छताला टेकून सपाट झालेली दिसेल. म्हणजे रश्श्यावरचा तवंग, त्यातली चमक, तळातली मसाल्याची रवाळी, सगळं एका लाल ठिपक्यात गेलं. आता सॅच्युरेशन वाढवून काही मिळत नाही. उलट करायचं. रिझॉल्व्हच्या पहिल्या नोडमध्ये एकूण तोल साधायचा. दुसऱ्यात 'ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन'च्या रेघेवर फक्त लाल पकडून थोडा खाली ओढायचा, लालाचा उजेडही किंचित कमी करायचा. गंमत म्हणजे कमी केल्यावर तो जास्त झणझणीत दिसतो, कारण तवंगातल्या छटा परत दिसायला लागतात. ताटाच्या कडेवरची चमक जळाली तर जळू दे, तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. प्रीमियरवाल्यांनी हेच लुमेट्रीत करावं. लुमेट्री २०१५ पासून प्रीमियरमध्ये आहे.

आणि ते 'सिनेमॅटिक फूड' नावाचं लट विकत घ्यायचं? लट म्हणजे आकड्यांचा तक्ता. नेहमीचा ३३ च्या घनाचा, त्यात ३५,९३७ नोंदी: हा रंग आला तर तो कर. ज्यानं तो केला त्यानं बहुधा पास्ता समोर ठेवून केला. त्याला तांबडा रस्सा काय माहीत.

उसाला तांबेरा पडला की काय?

२००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' आला. शूटिंग मिसिसिपीत भर उन्हाळ्यात, सगळीकडं हिरवंगार. कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांना हवा होता वाळलेला, धुरकट पिवळा. अख्खा चित्रपट डिजिटल करून हिरव्याचा पिवळा केला. पूर्ण चित्रपटाला असं करण्याचं ते हॉलिवूडमधलं गाजलेलं पहिलं उदाहरण.

तीच युक्ती करवीर तालुक्यात लावून बघा. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ मध्ये सुरू झाली, वसगडे गावात चित्रित व्हायची, आणि त्या मालिकेतला हिरवा ऊस हे जवळजवळ एक पात्र होतं. तो पिवळा केला असता तर निम्मा प्रेक्षक नायिकेकडं बघण्याऐवजी उसाला तांबेरा पडला का ते बघत बसला असता.

सध्याची फॅशन आहे केशरी आणि निळसर-हिरवट, टील-ऑरेंज. कातडी केशरीकडं, बाकी जग निळसर. रंकाळ्यावर संध्याकाळी चालून जातं. शेतात केलं की ऊस प्लास्टिकचा वाटतो. आणि नीट बघा, दोनच रंगांत जग मांडणारी ही छटा १९३३ च्या बायपॅकच्या जवळ जाते. तेव्हा तिसरा रंग मिळत नव्हता म्हणून तसं दिसायचं. आज कोट्यवधी रंग हाताशी असताना लोक पैसे मोजून तिसरा काढून टाकतात!

लाल मातीत सगळे एका रेषेत

व्हेक्टरस्कोप नावाच्या गोल तबकडीवर एक तिरकी रेघ असते, स्किन टोन लाइन. गोरा असो, सावळा असो, काळा असो, माणसाच्या कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. वेगळा असतो तो उजेड आणि गडदपणा. कारण कातडीखाली सगळ्यांचं रक्त लालच.

खासबागेच्या आखाड्यात मात्र ही रेघ जरा सांभाळून वापरावी. पैलवान मातीनं माखलेला, माती लाल, आणि खालून लाल उजेडच परत अंगावर येणारा. ठिपका रेघेपलीकडं लालाकडं जाणार. त्याला ओढून रेघेवर आणलं तर मातीचा सगळा रंग निघून जातो आणि कुस्ती सिमेंटच्या अंगणात झाल्यासारखी दिसते. तिथं रेघ सोडून डोळ्यावर विश्वास ठेवावा. ५० फ्रेमला शूट करून २५ वर चालवलं की डाव बरोबर निम्म्या वेगानं उलगडतो, एकही फ्रेम बनवावी लागत नाही. ३० वर शूट करून 'स्लो मोशन दे' म्हणणाऱ्याला हे समजावता समजावता रात्र होते.

किरणोत्सव आणि ऑटो

अंबाबाईचा किरणोत्सव जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर चढत मुखापर्यंत. त्या उजेडाचा सगळा जीव त्याच्या सोनेरीपणात. आणि ऑटो व्हाइट बॅलन्सचं काम काय, तर सोनेरी उजेड ओळखून पांढरा करणं. शेकडो वर्षांपूर्वीच्या स्थापत्यानं साधलेली गोष्ट एका सेटिंगनं धुऊन जाते.

पन्नासचा पाढा

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर कळत नाही. अमेरिकन शिकवणी बघून ६० फ्रेम आणि १/१२० लावलं की मंगल कार्यालयाच्या भिंतीवर काळे पट्टे चालायला लागतात. रिझॉल्व्हमध्ये डीफ्लिकर आहे, पण स्टुडिओ आवृत्तीत. शटर बदलायला पैसे लागत नाहीत.

मात्रा सुटली की इज्जत सुटली

मराठी नाव टाकायची वेळ आली की भलेभले गार पडतात. 'किरणोत्सव' लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या पलीकडं जाऊन बसते. 'कोल्हापूर' मधले ल आणि ह फारकत घेतात. प्रीमियरमध्ये यावर इलाज आहे: प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं. हे न सापडल्यामुळं कित्येकांनी नाव फोटोशॉपमध्ये लिहून चित्र म्हणून चिकटवलंय.

जुन्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी चालते. तिच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं नाव फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यात बदलतं. लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्याच्या आजोबांचं नाव असं आलं तर त्याचं बिल कुणी देत नाही. एक्सपोर्ट करण्याआधी सगळी नावं मोठ्यानं वाचावीत, आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी.

खोलीचा रंगही ग्रेडिंग करतो

थिएटरच्या पडद्यावरचा पांढरा ४८ निट्सचा असतो. मोबाईलचा त्याच्या दसपट किंवा अधिक. म्हणून मोबाईलवर झकास दिसलेली रात्र थिएटरात नुसता काळोख होते. मॉनिटर ६५०० वर, रेक ७०९ वर, आणि मागची भिंत राखाडी ठेवावी. पोपटी भिंतीच्या खोलीत बसून ग्रेड केलेल्या व्हिडिओत सगळे चेहरे हिरवट निघतात, कारण डोळा पोपटीला सरावतो, चेहरे उगाच गुलाबी भासतात आणि आपण ते हिरव्याकडं ओढतो. पन्नास हजारांचं कार्ड घेण्याआधी चारशे रुपयांचा राखाडी रंग आणावा.

आग, पूर आणि फॉरमॅट

कोल्हापूरचं नशीब या बाबतीत वाईटच. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, 'मीठभाकर' त्यात गेला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. पुण्यात २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा ठेवा गेला. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या हार्ड डिस्कचं काय झालं असेल ते सांगायला नको.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी यात एक वेगळा खड्डा आहे. प्रीमियरचा प्रोजेक्ट ही साधी फाइल असते, फोल्डरमध्ये दिसते. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट कॉम्प्युटरच्या आत एका डेटाबेसमध्ये राहतो, फुटेजच्या फोल्डरमध्ये नाही. कॉम्प्युटरवाला येतो, 'सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, डेटा डी वरच आहे ना?' विचारतो, आपण हो म्हणतो. फुटेज राहतं आणि तीन आठवड्यांचं एडिटिंग जातं. प्रोजेक्ट मॅनेजर उघडा, प्रोजेक्टवर राइट क्लिक करा, एक्सपोर्ट करा. डीआरपी नावाची किरकोळ फाइल मिळेल, ती पेनड्राइव्हवर आणि स्वतःला मेलवर टाका. कॉम्प्युटरवाल्याला चहा त्यानंतर द्या.